हाताची परीक्षा



मागच्या खेपेस आम्ही रेशनकार्डावर लिहिले, तेव्हा अनेकांनी भेटून सांगितले की, असेच घरातले विषय घेत चला. म्हणून आज आमच्याच घरातला विषय घेतो. विषय परीक्षेचा आहे. पण वहीतल्या नव्हे, हाताच्या परीक्षेचा.

आमची पुतणी पुण्यात फिजिओथेरपी शिकत होती. तिचा बाप, म्हणजे आमचा धाकटा भाऊ, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलतो. आई द्राक्षबागेत रोजाने जाते. आमच्या भावकीत शास्त्र शाखा घेऊन इतके पुढे गेलेली ही पहिलीच मुलगी. तिच्या वेळच्या अभ्यासक्रमात चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने रुग्णालयात उमेदवारी, ज्याला इंटर्नशिप म्हणतात, असा हिशेब होता. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि घरात चूल पेटली नाही. लेखी पेपरांत मुलीला चांगले गुण होते, पण मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचा जो विषय असतो, त्याच्या प्रात्यक्षिकात ती नापास झाली होती. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे लेखी गुण कितीही असोत, त्या विषयात नापास. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा.

वस्तीत दोन तट पडले. एक तट म्हणाला, "आडनाव बघून पाडली. दुसरं काय?" दुसरा तट म्हणाला, "पोरीला झेपत नसेल, आता लग्नाचं बघा." आम्ही पहिल्या तटात होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पंचवीस वर्षे निवेदने लिहिण्यात गेल्यामुळे आमचा हात आपोआप कागदाकडे जातो. "प्रति, मा. अधिष्ठाता" एवढे लिहून झालेही होते. तेवढ्यात पुतणी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, निवेदन लिहा, पण आधी मी काय केलं ते तरी ऐका."

मग तिने सांगितले. परीक्षेत तिच्या वाट्याला साठीचे एक बाबा आले होते. अंगावरून वारे गेलेले, उजवी बाजू लुळी. त्यांना तपासून, त्यांच्या तक्रारी मांडून, शेवटी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवून दाखवायचे होते. सुरुवातीलाच एका परीक्षकांनी तिला गाव विचारले, मग आडनाव विचारले, मग कोणत्या कोट्यातून प्रवेश झाला तेही विचारले. त्यानंतर तिचे हात कापायला लागले ते थांबले नाहीत. बाबांना उठवून खुर्चीत टेकवताना खुर्ची मागे सरकली, कारण एका चाकाचा ब्रेक लावायचा राहिला होता. दुसऱ्या परीक्षकांनी पटकन खुर्ची धरली म्हणून बाबा पडले नाहीत.

"दोन्ही खरं आहे, काका," ती म्हणाली. "त्यांनी आडनाव विचारलं तेही खरं आणि मी ब्रेक लावला नाही तेही खरं. सरांनी खुर्ची धरली नसती तर त्या बाबांचा खुबा मोडला असता."

आम्ही लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला. आम्ही बी.कॉम. झालेलो कारकून. जमा-खर्च कळतो, पण माणसाच्या हाताला गुण कसे देतात, हे काही ठाऊक नव्हते. मग आठ दिवस आम्ही तिला प्रश्न विचारले आणि तिने उत्तरे दिली. त्यातून जे कळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो, कारण हा विषय आपल्याला दोन्ही अंगांनी लागू आहे.

फिजिओथेरपी म्हणजे चोळणे, असा आपल्याकडे समज आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावात उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेणारे लोक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. लचकलेला पाय तेल लावून करकचून ओढणारेही आहेत. फिजिओथेरपी म्हणजे हे नव्हे. आपल्या देशात हिची पहिली शाळा १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात निघाली. ते पोलिओचे दिवस होते. लुळ्या पडलेल्या लेकरांना पुन्हा उभे करणारे शिकलेले हात हवे होते. पुढे महाविद्यालये वाढली. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातली ही महाविद्यालये त्याच्याखाली आली.

या विद्येत पुस्तक लागतेच, पण पुस्तकाने भागत नाही. एक उदाहरण देतो. स्नायूची ताकद मोजायची शून्य ते पाच अशी पट्टी असते. काहीच हालचाल नसेल तर शून्य. स्नायू नुसता फडफडला तर एक. हात पलंगावरून सरपटत सरकला, पण उचलला गेला नाही, तर दोन. स्वतःचे वजन पेलून वर उचलला तर तीन. वरून थोडे दाबले तरी टिकला तर चार आणि धडधाकट माणसासारखा टिकला तर पाच. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पण "थोडे दाबले" म्हणजे किती? तीन कुठे संपतो आणि चार कुठे सुरू होतो? हे हाताला कळावे लागते आणि त्यासाठी शंभर माणसांचे हात हातात घ्यावे लागतात.

अमेरिकेतले जॉर्ज मिलर नावाचे वैद्यकीय शिक्षणाचे जाणकार होते. त्यांनी १९९० साली याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, माहीत आहे. दुसरी, कसे करायचे ते माहीत आहे. तिसरी, करून दाखवता येते. चौथी, कोणी बघत नसतानाही रोजच्या कामात तसेच करतो. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्या तपासतो. प्रात्यक्षिक परीक्षा तिसरी तपासते. चौथी पायरी तपासायला वॉर्डात जाऊन, वर्षभरात पुन्हा पुन्हा, विद्यार्थी काम करताना बघावे लागते. आमची पुतणी दुसऱ्या पायरीवर पक्की होती. ब्रेक लावायचा असतो, हे तिने पेपरात नक्की लिहिले असते. पण तिसऱ्या पायरीवर तिचा पाय घसरला.

आता दोन्ही अंगांनी लागू आहे असे का म्हटले, ते सांगतो. शिकाऊ हात कोणाच्या अंगावर शिकतो? ज्याला पैसे मोजून मोठ्या दवाखान्यात जाता येत नाही, जो मोठ्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात रांगेत बसतो, त्याच्या. म्हणजे आपल्या अंगावर. मंचरच्या कांद्याच्या बाजारातला हमाल, भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करणारी बाई, ऊसतोडीत कंबर गेलेला गडी, हेच ते पेशंट. शिकाऊ हाताची परीक्षा ढिली झाली तर किंमत आपल्या हाडांनी चुकवायची. आणि आता त्या परीक्षेला बसणारी पोरेही आपलीच आहेत. परीक्षा पक्षपाती झाली तर त्याचीही किंमत आपणच चुकवायची. तेव्हा "आमच्या पोरीला पास करा" एवढेच म्हणून आपले भागत नाही. परीक्षा कडक हवी आणि तीच सरळही हवी.

सरळ परीक्षेचा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्स या नामांकित संस्थेबद्दल अहवाल दिला. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत दुजाभाव होतो, अशी तक्रार समितीपुढे मोठ्या प्रमाणावर मांडली होती. कारण उघड आहे. लेखी पेपर तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. प्रात्यक्षिकात विद्यार्थी समोर उभा असतो. त्याचा चेहरा, त्याची भाषा, त्याचे कपडे, सगळेच परीक्षकांपुढे असते.

यावर उपाय निघालेला आहे आणि तो जुना आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली एक पद्धत मांडली. तिला वैद्यकीय विद्यार्थी ऑस्की म्हणतात. एका मोठ्या दालनात ओळीने टेबले किंवा पलंग मांडायचे. प्रत्येक ठिकाणी एकच ठरावीक काम. इथे गुडघा मोजा, तिथे शेक द्यायच्या आधीची तपासणी करा, पुढे पेशंटला व्यायाम समजावून सांगा. ठरावीक मिनिटांनी घंटा वाजते आणि विद्यार्थी पुढच्या ठिकाणी सरकतो. प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक आणि त्याच्या हातात आधीच छापलेली यादी. ही गोष्ट केली का? टिक करा. नाही केली? सोडा. सगळ्यांना तेच काम, तेवढाच वेळ, तीच यादी. एखाद्या परीक्षकाच्या मनात काही असले तरी तो एकाच ठिकाणचे गुण बिघडवू शकतो, सगळी परीक्षा नाही. काही महाविद्यालये आपल्या अंतर्गत परीक्षांत ही पद्धत वापरतात.

हे ऐकले आणि आमच्यातला कारकून जागा झाला. टिकांची यादी! ते तर आमचे रोजचेच काम. आम्ही पुतणीला म्हणालो, "सहा महिने आहेत. परीक्षा इथेच घेऊ."

आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात रविवारी सतरंज्या टाकल्या आणि पाच ठिकाणे मांडली. पहिल्या ठिकाणी शेजारचे निवृत्त एस.टी. चालक बसले. त्यांचा उजवा गुडघा खरोखरच दुखतो, त्यामुळे नाटक करायची गरज पडली नाही. त्यांना काठी धरायला शिकवायची होती. दुसऱ्या ठिकाणी आमचा भाऊ. त्याचा गुडघा किती अंशांत वाकतो ते गोनिओमीटरने मोजायचे. आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या की जसे दिसेल तसे ते साधन असते. तिसऱ्या ठिकाणी मधुमेह असलेल्या एक ताई. शेक देण्याआधी त्यांच्या तळपायाला गरम-थंड कळते का ते बघायचे. आम्ही स्टीलचे दोन पेले ठेवले, एकात कोमट पाणी, एकात गार. ताईंनी डोळे मिटायचे आणि सांगायचे. ज्याला कळत नाही त्याला शेक दिला तर कातडी भाजते आणि त्याला पत्ताही लागत नाही. चौथ्या ठिकाणी आमची आत्या आणि उसनी आणलेली चाकाची खुर्ची. पाचव्या ठिकाणी आमच्या मातोश्री. त्यांना घरी करायचा व्यायाम साध्या मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता सांगायचा होता. आमच्या सौ. ताट आणि पळी घेऊन दारात उभ्या राहिल्या. दर पाच मिनिटांनी ताट वाजले की पुढचे ठिकाण.

यादी आम्ही पुतणीला विचारून लेजरच्या कागदावर आखली होती. चौथ्या ठिकाणाची अशी होती: हात धुतले का. आपले नाव आणि काय करणार ते सांगितले का. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरपी लावली का. दोन्ही ब्रेक लावले का. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्या का. पेशंटचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले का. आधार कमरेला दिला का, की लुळा हात धरून ओढले? उभे राहिल्यावर चक्कर येते का विचारले का. बसवल्यावर लुळा हात मांडीवर नीट ठेवला का. नऊ ओळी. ब्रेकच्या ओळीखाली आम्ही तांबडी रेघ मारली. ही एक ओळ चुकली की बाकीच्या आठ बरोबर असूनही ते ठिकाण नापास. ताळेबंदात एक शून्य चुकले तर बाकीचे आकडे बरोबर असून काय उपयोग?

पहिल्या रविवारी काय झाले? वाचकांना खरे वाटणार नाही, पण पुतणी पुन्हा एका बाजूचा ब्रेक विसरली. ज्या चुकीमुळे वर्ष अडले, तीच चूक, आपल्याच समाजमंदिरात, आपल्याच माणसांसमोर. इथे तर आडनाव विचारणारे कोणी नव्हते. ती बाहेर जाऊन रडली. आम्हालाही बोलायला काही सुचले नाही. मग तिचा बाप म्हणाला, "मी पहिल्या दिवशी क्रेट उचलला तेव्हा सगळा माल सांडला होता. हात शिकायला वेळ लागतो, बाय." ती पुन्हा आत आली.

पुढच्या रविवारी आणखी एक गंमत झाली. परीक्षक म्हणून आम्ही कॉलेजला जाणारा एक मुलगा आणि अंगणवाडीच्या एक ताई अशा दोघांना एकाच ठिकाणी बसवले. दोघांनी एकाच वेळी, एकाच मुलीचे तेच काम बघितले, पण मुलाने नवांपैकी आठ टिका केल्या आणि ताईंनी सहा. आम्ही कागद तपासले. "काय करणार ते सांगितले का" या ओळीवर मुलाने टिक केली होती, कारण पुतणी बोललेली त्याने ऐकले होते. ताईंनी केली नव्हती. त्या म्हणाल्या, "ती बोलली, पण म्हातारीला कळलं कुठं?" ताईंचे बरोबर होते. मग आम्ही ओळ बदलली: पेशंटने ते आपल्या शब्दांत परत सांगितले का? त्यानंतर दोघांच्या टिका बऱ्याच जुळायला लागल्या. तात्पर्य, यादी छापली म्हणजे न्याय झाला असे नाही. यादीतल्या शब्दाचा अर्थ सगळ्या परीक्षकांनी आधी बसून ठरवावा लागतो. नाहीतर यादीआडूनही मर्जी चालते.

आणि मोठा धडा दिला तो आत्याने. आमची आत्या डिंभ्याच्या वरच्या अंगाची. सारा जन्म भाताच्या चिखलात गेला. दोन वर्षांपूर्वी वारे जाऊन डावी बाजू अधू झाली, तेव्हापासून आमच्याकडे असते. पाचव्या रविवारी पुतणीने सगळे न चुकता केले. बोलता बोलता तिचा हात आपोआप दोन्ही ब्रेकांवर गेला, ते आम्ही पाहिले. नऊपैकी नऊ टिका. आम्ही टाळ्या वाजवणार तोच आत्या म्हणाली, "समदं केलंस गं पोरी. पर मला कुटं जायाचं हाय ते इचारलंच न्हाईस."

पुतणी खाली बसली. "सांगा ना आजी, कुठं जायचंय?"

"मला खुर्ची नकु. रातच्याला येकटीला संडासापतुर जायाचं हाय. तुज्या काकीला रोज उठवाया लाज वाटती मला."

समाजमंदिरात कोणी बोलेना. दोन वर्षे आत्या आमच्या घरात आहे, पण हे तिने आम्हाला सांगितले नव्हते. आम्ही विचारले नव्हते. मोर्चात पुढे असणाऱ्या आमच्यासारख्याने हे लिहिताना मान खाली जाते. त्या दिवशी यादीत दहावी ओळ आली आणि तिलाही तांबडी रेघ मारली: पेशंटला काय हवे ते विचारले का? पुढचा महिनाभर पुतणीने आत्याला पलंगावरून उठायला, भिंतीला लावलेल्या दांड्याला धरून दहा पावले टाकायला शिकवले. दांडा आम्ही बसवला, खर्च तीनशे रुपये. आता आत्या रात्री कोणालाही उठवत नाही.

निवेदनाचे काय झाले, असे वाचक विचारतील. ते लिहिले, पण वेगळे लिहिले. पुतणीने आपल्या वर्गातल्या सर्व समाजांच्या मुलामुलींशी बोलून, त्यांच्या सह्यांनिशी तीन मागण्या मांडल्या. अंतर्गत प्रात्यक्षिकात नावाऐवजी परीक्षा क्रमांक लावावा आणि वैयक्तिक प्रश्न विचारू नयेत. कोणत्या गोष्टींना गुण आहेत त्याची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना द्यावी. आणि दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळे गुण मांडावेत. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. तिसरी विचाराधीन आहे. विचाराधीन या शब्दाचा अर्थ आमच्यासारख्या कारकुनाला कोणी समजावून सांगायला नको. पण दोन तर मिळाल्या.

पुतणी फेरपरीक्षेत उत्तीर्ण झाली. सध्या तिची इंटर्नशिप सुरू आहे. कोणत्याही पेशंटपाशी गेली की पहिला प्रश्न ती काय विचारते, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

आता आमच्या सदराच्या शिरस्त्याप्रमाणे घरोघरी उपयोगी पडेल असे थोडे. हे सगळे आम्ही त्या रविवारांत शिकलो.

गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरू नये, विरुद्ध हातात धरावी. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. आमचे एस.टी. चालक दोन वर्षे उलट धरत होते. काठीची उंची अशी असावी की सरळ उभे राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाशी येईल. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. वारे गेलेल्या माणसाला उठवताना त्याचा लुळा हात धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो आणि मग तो दुखतच राहतो. मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर मनाने शेक घेऊ नये. अंगात पेसमेकर असेल किंवा हाडात धातूची पट्टी घातलेली असेल, तर विजेच्या यंत्रावर झोपण्याआधी ते सांगावेच. आणि उपचार करणाऱ्याला "आपलं शिक्षण काय, नोंदणी आहे का?" हे विचारायला लाजू नये. त्यात कोणाचा अपमान नाही.

रुग्णालयात शिकाऊ मुलगा किंवा मुलगी तपासायला आली तर तिला हाकलू नका. तिने आपल्यावर हात ठेवल्याशिवाय तिचा हात शिकणार नाही, आणि उद्या तीच आपल्या गावात येईल. पण तिने आपले नाव सांगावे, काय करणार ते सांगावे, पडदा ओढावा आणि आपली परवानगी घ्यावी, हा आपला हक्क आहे. गरीब आहोत म्हणून आपले अंग म्हणजे उघडे पुस्तक नव्हे. दुखले तर "दुखतंय" म्हणा. तेही तिच्या शिक्षणातच येते.

ज्यांची मुले नर्सिंग, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान अशा हाताच्या विद्येला आहेत, त्या आईबापांना एवढेच सांगणे. पोर नापास झाले तर लगेच त्याला दोष देऊ नका आणि लगेच परीक्षकालाही देऊ नका. आधी शेजारी बसवून विचारा, नेमके काय झाले. अन्याय झाला असेल तर चार सह्या घेऊन लेखी मागा. हात कच्चा असेल तर आपले गुडघे, आपले खांदे त्याच्यापुढे करा. ताट वाजवायला कोणीतरी घरात असतेच.

आमच्या समाजमंदिरातली ती यादी अजून आमच्याकडे आहे. आता वस्तीतल्या दोन मुली नर्सिंगला गेल्या आहेत. त्यांनी येत्या रविवारी सतरंज्या टाकायला सांगितल्या आहेत. आत्या म्हणते, "म्या येती बसाया. पर ह्या बारीला आदी इचारा म्हणावं."